ऑफिसचा पहिला सर्व्हर कसा लावायचा (सोलापूरचं ऊन आणि लाईट धरून)

अक्कलकोट रोड एमआयडीसीतला टॉवेलचा कारखाना असो, चिंचोळीतलं युनिट असो नाहीतर नवी पेठेतलं होलसेल दुकान, ऑफिसात सहा-आठ कॉम्प्युटर झाले की सगळीकडे एकच गोंधळ सुरू होतो. टॅली अकाउंटंटच्या मशीनवर, रेट लिस्ट तीन मशीनवर तीन वेगवेगळ्या, ऑर्डरची एक्सेल व्हॉट्सॲपवर फिरतेय, आणि अकाउंटंट सुट्टीवर गेला की त्याचा कॉम्प्युटर चालू करायला पासवर्ड विचारत फोन. मग कोणीतरी म्हणतं, सर्व्हर लावून टाका की ओ. सर्व्हर म्हणजे सगळ्यांच्या फाइली एकाच ठिकाणी ठेवून बाकीच्या कॉम्प्युटरना पुरवणारं मशीन.

मी आमच्या ऑफिसात हे सगळं केलंय, नंतर ओळखीच्या दोन-तीन ठिकाणीही मदत केली. कॉम्प्युटर इंजिनियर नसलेल्या पण हे काम गळ्यात पडलेल्या माणसासाठी लिहितोय. पाच ते पंधरा कॉम्प्युटरचं ऑफिस डोळ्यासमोर ठेवलंय. एक गोष्ट आधीच सांगतो: आपल्याकडे सर्व्हर टिकतो की नाही हे मशीनच्या किमतीवर ठरत नाही, ते ठरतं लाईट, उष्णता आणि बॅकअप या तिघांवर, त्यामुळे लेखातली जास्त जागा त्यांनाच दिलीय.

आधी सामान आणि कागद

सामान: सर्व्हरचं मशीन, यूपीएस, गिगाबिट स्विच (सगळ्या मशीनच्या केबल जिथे एकत्र जोडतात तो डबा), नेटवर्कची कॅट-६ केबल, तिच्या टोकाचे आरजे-४५ कनेक्टर, क्रिम्पिंग टूल आणि केबल टेस्टर (हे दोन वायरिंगवाला आणतो), दोन एक्स्टर्नल हार्ड डिस्क, १६ जीबीचा एक पेन ड्राइव्ह, मल्टिमीटर, आणि एक जाड वही. वहीला हसू नका, शेवटी तीच कामाला येते.

कागद: विंडोजच्या लायसन्सचं बिल, टॅलीचा सिरियल नंबर आणि त्याला जोडलेला ईमेल आयडी, इंटरनेट कनेक्शनचा ग्राहक क्रमांक, राउटरचा ॲडमिन पासवर्ड. मशीनचं बिल फर्मच्या नावाने आणि फर्मचा जीएसटी नंबर टाकूनच घ्या. कॉम्प्युटरवर १८ टक्के जीएसटी आहे, बिलावर नंबर नसेल तर क्रेडिट गेलं, आणि वॉरंटीलाही तेच बिल लागतं.

१. कशासाठी हवाय ते लिहून काढा

दुकानात जायच्या आधी एका पानावर लिहा: रोज किती जण बसतात, टॅली किती जण एकाच वेळी वापरतात, फाइली कसल्या आहेत. नुसती बिलं आणि एक्सेल असतील तर पाच वर्षांचा डेटासुद्धा फार जागा खात नाही. पण चादरी-टॉवेलची डिझाइनं, फोटो, कॅटलॉग असतील तर जागा भराभर संपते, मग २ टीबी तरी धरा.

आणि सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग यात घालू नका. कॅमेऱ्याचा डीव्हीआर वेगळाच राहू दे. दिवसरात्र चालणारं रेकॉर्डिंग ऑफिसच्या डिस्कवर आलं की डिस्क भरते आणि नेटवर्कही मंदावतं.

२. मशीन निवडणं

कपाटावर पडलेला जुना कॉम्प्युटर सर्व्हर करायचा मोह सगळ्यांना होतो. करू नका. विंडोज १० चा फुकट सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्या मशीनवर ११ चढत नसेल तर ज्यात सगळ्या ऑफिसचा जीव आहे ती गोष्ट त्यावर ठेवायची नाही.

दहा कॉम्प्युटरपर्यंत चांगल्या ब्रँडचा नवा डेस्कटॉप पुरतो: १६ जीबी रॅम, विंडोजसाठी ५०० जीबीची एसएसडी, आणि डेटासाठी सारख्याच दोन डिस्क. या दोन डिस्क मिरर करायच्या, म्हणजे एकीवर लिहिलेलं दुसरीवरही आपोआप लिहिलं जातं आणि एक गेली तरी काम थांबत नाही. विंडोजमध्ये 'स्टोरेज स्पेसेस' म्हणून सोय आहे, त्यात 'टू-वे मिरर' निवडायचं. पण मिरर म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून फाइल डिलीट केली तर ती दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी जाते.

विंडोज कोणतं? विंडोज ११ प्रो घ्या, होम नको. फाइल शेअरिंगसाठी प्रो मध्ये २० मशीनपर्यंत जोडायची परवानगी आहे, आपल्याला भरपूर झाली. त्यापेक्षा ऑफिस मोठं होणार असेल तर विंडोज सर्व्हरकडे जा, त्याची इसेन्शियल्स आवृत्ती २५ युजर आणि ५० मशीनपर्यंत चालते आणि प्रत्येक युजरसाठी वेगळं लायसन्स लागत नाही, स्टँडर्डला मात्र लागतं, हे दुकानदार बिलाच्या वेळी सांगतो तेव्हा उशीर झालेला असतो म्हणून आधीच विचारा. टॅली नसेल, नुसत्या फाइली ठेवायच्या असतील तर दोन डिस्कवालं नॅस (नेटवर्कला थेट जोडायचं डिस्कचं खोकं) घेतलं तरी छान चालतं.

"ओरिजिनल कशाला, मी ॲक्टिव्हेट करून देतो" असं कोणी म्हणालं तर त्याला हात जोडा. क्रॅकमधून काय आत येतं ते आपल्याला दिसत नाही, आणि सर्व्हरवर सगळ्यांच्याच फाइली असतात.

३. जागा

इथे आपलं गाव आडवं येतं. बहुतेक छोट्या सर्व्हरच्या कागदावर चालायचं तापमान ३५ अंशांपर्यंत लिहिलेलं असतं. एप्रिल-मेमध्ये सोलापुरात बाहेरच ४२-४३ असतं, पत्र्याखालच्या खोलीत किंवा पोटमाळ्यावर त्याहून जास्त. दिवसा एसी आणि रात्री बंद खोली, तिथेही संध्याकाळनंतर भिंती उष्णता सोडत राहतात आणि मशीन मात्र चालूच असतं. म्हणून खालचा मजला, पश्चिमेची भिंत नको, खिडकीतून ऊन येत नाही असा कोपरा, जमिनीपासून फूटभर वर, मागे चार बोटं तरी हवा फिरायला जागा. देवघराखालचं बंद कपाट नको, टेबलाखालचा पुठ्ठ्याच्या खोक्यांनी भरलेला कोपरा तर अजिबात नको.

दुसरा शत्रू सुताची धूळ. मागाच्या शेडला लागून ऑफिस असेल तर कधीतरी कॉम्प्युटरचं झाकण उघडून बघा. प्रोसेसरच्या पंख्याखालच्या जाळीवर सुताच्या बारीक तंतूंचा करडा थर बसलेला असतो, बोटाने उचलला तर अख्खा पापुद्रा निघतो, आणि त्याच्या खालून हवाच जात नसते. मशीन गरम होतं, हळू चालतं, मग दुपारी तीनला बंद पडतं आणि आपण विंडोजला दोष देतो. शेडच्या बाजूचं दार बंद राहील अशी खोली निवडा आणि दर दोन महिन्यांनी ब्लोअरने साफ करा. ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवायचा, हवेने तो भलत्या वेगाने फिरू द्यायचा नाही. आणि हे काम खोलीच्या बाहेर, मशीन पूर्ण बंद करून.

४. लाईट, अर्थिंग, यूपीएस

लाईट जाते तो प्रॉब्लेम निम्मा, उरलेला निम्मा ती परत येते तेव्हाचा झटका. मे महिन्यात वळवाचा पाऊस कडकडाट घेऊन येतो तेव्हा एका संध्याकाळीत चार-पाच वेळा जा-ये होते.

पहिलं अर्थिंग. वायरमनला बोलवा आणि सर्व्हरच्या सॉकेटवर न्यूट्रल आणि अर्थमधला व्होल्टेज मल्टिमीटरने मोजायला लावा, स्वतः हात घालू नका. दोन-तीन व्होल्टच्या आत असेल तर ठीक, पाचच्या वर दाखवत असेल तर आधी ते काम. आपल्याकडे उन्हाळ्यात जमीन कोरडीठाक पडते आणि पावसाळ्यात चांगलं असलेलं अर्थिंग मेमध्ये कमजोर होतं, म्हणून खड्ड्यात पाणी घालायचं काम उन्हाळाभर कोणाला तरी नेमून द्या आणि मोजमाप उन्हाळ्यातच करा.

यूपीएस घेताना तीन गोष्टी बघा. एक, यूपीएसवर सर्व्हर, स्विच आणि राउटर एवढंच लावायचं. लेझर प्रिंटर लावला की तो गरम होताना एकदम करंट ओढतो आणि यूपीएस ट्रिप होतो. दोन, १ केव्हीएचा लाइन-इंटरॅक्टिव्ह यूपीएस एवढ्या लोडला चालतो, पण ज्या भागात व्होल्टेज सारखं वरखाली होतं, मोठ्या मोटारी त्याच लाईनवर आहेत, तिथे ऑनलाइन यूपीएसच (जो मशीनला सतत स्वतःच्या इन्व्हर्टरमधूनच लाईट देतो) घ्या, महाग असला तरी. तीन, आणि हे दुकानात कोणी सांगत नाही, यूपीएसला मागे यूएसबी पोर्ट हवा. त्यातून केबल सर्व्हरला लावली की बॅटरी संपत आल्यावर सर्व्हर स्वतःहून नीट बंद होतो. लाईट रात्री दोनला जाते तेव्हा बंद करायला ऑफिसात कोण असतं?

बॅटरीचं पण ऐका. लेड-ॲसिड बॅटरीचं आयुष्य २५ अंश धरून सांगतात, आणि साधारण दर १० अंश वाढले की ते निम्म्यावर येतं. म्हणजे डब्यावर तीन-चार वर्षं म्हटलं असेल तर आपल्याकडे दोन वर्षांत बदलायची तयारी ठेवा. दर तीन महिन्यांनी, काम संपल्यावर, सगळ्यांना फाइली बंद करायला सांगून यूपीएसचा प्लग काढा आणि किती मिनिटं चालतो ते वहीत लिहा. आकडा घसरायला लागला की बॅटरी मागवायची.

मशीनच्या बायोसमध्ये (विंडोज सुरू व्हायच्या आधी उघडणारी मूळ सेटिंग) 'एसी पॉवर लॉस'नंतर, म्हणजे लाईट जाऊन परत आल्यावर, काय करायचं हे ठरवता येतं. लाईट वारंवार जा-ये करते तिथे ते 'ऑफ' ठेवा आणि सकाळी माणसाने चालू करावं हे माझं मत. 'ऑन' ठेवलं तर प्रत्येक झटक्याला मशीन उठतं आणि परत पडतं.

५. वायरिंग

सर्व्हर आणि टॅलीची मशीन वायरनेच जोडायची, वायफायवर नाही. वायफाय मध्येच अर्ध्या सेकंदासाठी तुटलं तर ब्राउझरला काही कळत नाही, पण टॅलीची एंट्री चालू असताना तुटलं तर डेटा करप्ट होऊ शकतो.

केबल घेताना 'प्युअर कॉपर' मागा. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त केबलही कॅट-६ म्हणूनच विकतात. टोक सोलून ब्लेडने खरवडलं की आत पांढरं दिसतं, लगेच कळतं. एका तुकड्याची लांबी १०० मीटरच्या आत. ऑफिस पुढे आणि शेड मागे असेल, अंतर जास्त असेल, तर मध्ये फायबर टाका. फायबरमधून विजेचा झटकाही येत नाही, हा वळवाच्या दिवसांतला मोठा फायदा. लाईटच्या वायरी आणि नेटवर्कच्या वायरी एका पाइपात घालू देऊ नका. उघडी केबल उंदीर सोडत नाहीत, त्यामुळे पीव्हीसी पाइप किंवा केसिंग पट्टी हवीच. आणि प्रत्येक केबलला दोन्ही टोकांना नंबरचं स्टिकर. वायरिंगवाला कंटाळा करेल, तरी समोर उभं राहून करून घ्या.

६. आयपी पत्ता

आयपी पत्ता म्हणजे नेटवर्कवरचा मशीनचा नंबर, आणि सर्व्हरचा पत्ता कायम एकच राहिला पाहिजे. राउटर बहुतेक वेळा १९२.१६८.१.१ असतो आणि तो बाकीच्यांना आपोआप पत्ते वाटतो. राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन हे वाटप (पत्त्याचा शेवटचा आकडा) १०० ते २०० एवढ्यातच ठेवा, आणि सर्व्हरला हाताने १९२.१६८.१.१० द्या, प्रिंटरला ११, १२. त्याच सेटिंगमधल्या गेटवे आणि डीएनएस या रकान्यांत राउटरचा पत्ता. वाटपाच्या हद्दीतला नंबर सर्व्हरला दिला तर एखाद्या दिवशी कोणाच्या तरी मोबाइलला तोच नंबर मिळतो आणि सर्व्हर 'गायब' होतो.

इंटरनेट कंपनीने राउटर बदलला की पत्त्याची मालिका बदलू शकते. जुनी सेटिंग वहीत असेल तर दहा मिनिटांचं काम.

७. विंडोज बसवल्यावर

स्लीप आणि हायबरनेट बंद. नेटवर्क 'प्रायव्हेट' करा, 'पब्लिक' असेल तर बाकीच्यांना सर्व्हर दिसणारच नाही. अपडेट बंद करू नका, 'ॲक्टिव्ह अवर्स' ऑफिसच्या वेळेचे ठेवा. बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की वहीत लिहा, मदरबोर्ड बदलला तर त्या ४८ अंकांशिवाय डेटा उघडत नाही. आणि सर्व्हरवर कोणी बसून काम करायचं नाही, ईमेल नाही, यूट्यूब नाही. मॉनिटर आहे म्हणून नवीन मुलाला तिथे बसवतात, तिथेच व्हायरस येतो.

८. युजर आणि फोल्डर

खरं डोकं लावायचं काम हे. सर्व्हर जोडून देणारा मुलगा हमखास म्हणतो, "मालक, पासवर्डची कटकट नको, सगळ्यांना ओपन ठेवतो." त्याला नाही म्हणा. एक तर विंडोज ११ प्रोच्या २४एच२ या आवृत्तीपासून विनापासवर्ड गेस्ट शेअरिंग मुळातच अडवलंय, आणि त्याहून महत्त्वाचं, सगळ्यांना सगळं उघडं म्हणजे पगाराची शीट पण उघडी.

प्रत्येक माणसाच्या नावाने सर्व्हरवर एक साधा युजर बनवा, ॲडमिन नाही. त्याच्या स्वतःच्या मशीनवर जे युजरनेम आणि पासवर्ड आहे तेच सर्व्हरवर ठेवलं की सारखं विचारत नाही. नवीन लोक अडकतात ते पिनपाशी: मशीन उघडताना जो चार आकडी पिन टाकता तो नेटवर्कवर चालत नाही, तिथे पासवर्डच लागतो. "पासवर्ड बरोबर टाकतोय तरी घेत नाही" ही तक्रार आली की आधी हे विचारा.

फोल्डर थोडेच ठेवा: अकाउंट्स, सेल्स, डिझाइन, पगार, आणि 'सगळ्यांसाठी'. फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये 'शेअरिंग' आणि 'सिक्युरिटी' असे दोन टॅब असतात आणि दोन्हीतली परवानगी लागू होते, दोन्हींपैकी जी कडक ती चालते. सोपा मार्ग असा की शेअरिंगमधून 'एव्हरीवन' काढून त्याजागी तुमचे युजर टाका आणि त्यांना 'चेंज' द्या, मग कोणी नुसतं वाचायचं आणि कोणी बदलायचं हे सिक्युरिटीत ठरवा. रेट लिस्ट सगळ्यांनी वाचायची, बदलायची एकानेच.

मग प्रत्येक मशीनवर 'मॅप नेटवर्क ड्राइव्ह' करून एकच अक्षर द्या, सगळीकडे एस म्हणजे एसच. एका मशीनवर एस आणि दुसरीकडे झेड असेल तर एक्सेलमधल्या लिंक तुटतात. फोल्डरात फोल्डर, त्यात फोल्डर आणि लांबलचक नावं असं करू नका, पूर्ण पत्ता २६० अक्षरांच्या पुढे गेला की फाइल उघडत नाही, कॉपी होत नाही.

जुनं झेरॉक्स-स्कॅनर मशीन असेल तर एक सापळा आहे. त्याचं स्कॅन सर्व्हरच्या फोल्डरमध्ये येत नाही, मग सर्व्हिसवाला एसएमबी-१ (विंडोजची फाइल शेअरिंगची जुनी पद्धत) चालू करून देतो आणि लगेच चालतं. तेच एसएमबी-१ धरून मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा फाइली लॉक करून पैसे मागणारा व्हायरस जगभर पसरला होता. ते बंदच ठेवा, स्कॅन ईमेलवर पाठवायला लावा किंवा मशीनच्या सेटिंगमध्ये नवीन आवृत्ती मिळते का बघायला सांगा.

९. टॅली

सिल्व्हर लायसन्स एका युजरचं, गोल्ड लॅनवर (ऑफिसच्या नेटवर्कवर) अनेकांचं. सगळ्या मशीनवर टॅलीचं एकच रिलीज हवं, एकाने अपडेट केलं आणि बाकीचे जुन्यावर राहिले की कंपनी उघडत नाही. डेटा फोल्डर सर्व्हरवर हलवायच्या आधी टॅलीत ऑल्ट आणि वाय दाबून बॅकअप घ्या, मग कॉपी करा, मग प्रत्येक मशीनवर कंपनी डेटा पाथ बदला. जुन्या मशीनवरच्या फोल्डरचं नाव बदलून ठेवा, नाहीतर कोणीतरी सवयीने जुन्यातच एंट्री करत बसतं आणि महिनाअखेरीला दोन कंपन्या जुळत नाहीत. हे काम तिमाहीच्या किंवा जीएसटी रिटर्नच्या तारखेच्या तोंडावर काढू नका.

१०. बॅकअप

दोन एक्स्टर्नल डिस्क, एकीवर लाल पट्टी, एकीवर निळी. एक ऑफिसात, एक मालकांच्या घरी. साप्ताहिक सुट्टीच्या आदल्या दिवशी अदलाबदल. रोज संध्याकाळी बॅकअप झाला की डिस्क काढून कपाटात ठेवायची, कारण रॅन्समवेअर (वॉनाक्रायसारखा पैसे मागणारा व्हायरस) आला तर जोडलेली डिस्क पण लॉक करतो. वीम एजंटसारखं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर अख्ख्या मशीनचा बॅकअप घेतं, सुरुवातीला आणलेला पेन ड्राइव्ह त्याच्या रिकव्हरीसाठी. शिवाय टॅलीचा बॅकअप रोज क्लाउडवर, पासवर्ड लावून.

फर्म प्रायव्हेट लिमिटेड असेल तर हिशोबाच्या वह्यांचा बॅकअप रोज आणि भारतातल्या सर्व्हरवर ठेवणं ऑगस्ट २०२२ पासून कायद्यानेच लागतं, क्लाउड घेताना सीएंना विचारून घ्या. जीएसटीचं रेकॉर्ड वार्षिक रिटर्नच्या देय तारखेपासून ७२ महिने जपायचं असतं, म्हणजे वर्षाअखेरीचा बॅकअप वेगळ्या डिस्कवर काढून ठेवायला हवा, त्यावर रोजचा चढवायचा नाही.

आणि महिन्यातून एकदा बॅकअपमधून एक फाइल काढून उघडून बघा. "बॅकअप सक्सेसफुल" असा हिरवा मेसेज महिनोन् महिने येत असतो आणि आत भलताच फोल्डर असतो, हे मी दुसऱ्यांच्या ऑफिसात बघितलंय. फाइल उघडली, आतला आकडा बरोबर आहे, तरच वहीत टिक.

११. घरून काम

मालकांना पुण्याहून टॅली बघायचं असतं, रास्त आहे. पण त्यासाठी राउटरवर रिमोट डेस्कटॉपचा (दुरून मशीन चालवायच्या सोयीचा) ३३८९ पोर्ट, म्हणजे इंटरनेटवरून आत यायचं दार, उघडून देणारा माणूस भेटला तर त्याला थांबवा. असे उघडे पोर्ट शोधणारे प्रोग्रॅम इंटरनेटवर दिवसरात्र फिरत असतात, आणि पोर्टचा नंबर बदलून काही फरक पडत नाही. व्हीपीएन (बाहेरून ऑफिसच्या नेटवर्कपर्यंतचा बंदिस्त रस्ता) लावा, वायरगार्ड किंवा टेलस्केलसारखं, मग त्याच्या आतून रिमोट. सीसीटीव्हीवाल्याने आधीच काही पोर्ट उघडून ठेवलेत का तेही राउटरमध्ये बघा.

१२. वही

वहीत लिहायचं ते असं: सर्व्हर, राउटर, प्रिंटरचे पत्ते, कोणत्या नंबरची केबल कुठे जाते, कोणाला कोणत्या फोल्डरची परवानगी, बिटलॉकरची की, लायसन्सचे नंबर, वॉरंटी कधी संपते, यूपीएसची बॅटरी कधी बदलली. ॲडमिन पासवर्ड बंद पाकिटात, मालकांच्या तिजोरीत. माणूस नोकरी सोडून गेला की त्याच दिवशी त्याचा युजर 'डिसेबल' करा, डिलीट नको, म्हणजे त्याच्या नावावरच्या फाइलींची परवानगी विस्कटत नाही.

पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात: फाइली उघडत नाहीत, नावं विचित्र झालीत, पैसे मागणारा मेसेज आलाय, तर आधी सर्व्हरची नेटवर्क केबल काढायची, मशीन फॉरमॅट करायचं नाही, बॅकअपची डिस्क जोडायची नाही. मग १९३० या सायबर गुन्ह्यांच्या हेल्पलाइनवर फोन. असा हल्ला झाला तर सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षेच्या संस्थेला सहा तासांच्या आत कळवायचा नियम एप्रिल २०२२ मध्ये आलाय, म्हणून तो प्रकार कोणाच्या लक्षात किती वाजता आला ती वेळ तिथेच लिहून ठेवायची.